माझे पत्ते जुने झाले, मी नाही

मी जुना आहे, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती तसदी नको. मित्रांनो, मी ब्राउझरचे एक एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला वरून जोडलेले छोटे साधन आहे. संगणकावर वेबसाइट पाहायला जो ब्राउझर उघडतात, त्याच्या कोपऱ्यात एक छोटे हिरवे चित्र असते. तो मी. वाचताना एखादा शब्द अडला की त्याच्यावर दाबायचे. मी तो शब्द तोडून तोडून, सावकाश म्हणून दाखवतो. तेवढाच. पुढचा नाही, मागचा नाही.

माझा जन्म एका शिवणाच्या दुकानात झाला. दुकान ताईचे. ती अक्षरे शिकली तेव्हा तिच्या केसांत पांढरे दिसू लागले होते. गिऱ्हाइके कपड्यांचे निरोप संगणकावर लिहून पाठवू लागली आणि ती शब्दाशब्दाला धाकट्या भावाला हाक मारू लागली. भाऊ प्रोग्रामर. एक दिवस त्याने टेबलावरच्या चिंध्या बाजूला सारल्या आणि शिलाई मशीनशेजारी बसून मला लिहिले. मी पहिला शब्द म्हणालो तेव्हा ताई म्हणाली, "हा तर पोपट आहे." तेच माझे नाव पडले.

भावाने मला कुलूप लावले नाही. माझा कोड सगळ्यांना खुला होता. ज्याला हवे त्याने आत पाहावे, उसवले असेल तर टाका घालावा. ज्यांना मी कधी पाहिले नाही अशा माणसांनी मला आपापल्या भाषा शिकवल्या. मी शाळांत गेलो, वाचनालयांत गेलो. शाबासकी पुष्कळ मिळाली.

मग भाऊ दुसऱ्या कामांत गुंतला. माझी एक वेबसाइट होती. तिच्या नावाची मुदत संपली, वाढवायची राहून गेली आणि ते नाव भलत्यानेच घेतले. माझ्या अंगावरचे 'मदत' हे बटण मात्र माणसांना जुन्याच पत्त्यावर पाठवत राहिले. तिथे आता रंगीत पाटी झळकत होती: अभिनंदन, तुम्ही बक्षीस जिंकलात, बँकेची माहिती भरा.

विचार करा. अडलेला माणूस मदत मागतो आणि मी त्याला भामट्याच्या दारात नेऊन सोडतो. मला रडू नाही आले. मला राग आला.

एक्स्टेन्शन जिथून मिळतात त्या स्टोअरनेही भावाला कळवले, की लिंक लवकर दुरुस्त करा, नाहीतर हे काढून टाकू. भाऊ दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"जाऊ दे ना ताई. आता ब्राउझरच अख्खं पान वाचून दाखवतो. पोपट हवाय कशाला?"

ताईने मशीन थांबवले. "तो अख्खं पान वाचणार, मग मी काय करू? मान डोलवू?"

"अगं, तुझा त्रास वाचेल."

"माझा त्रास माझ्यापाशी राहू दे. मला वाचून दाखवणारा नकोय, अडेल तिथे सांगणारा हवाय. बाकीचं माझं मी वाचते. उघड ते."

भावाने माझा कोड उघडला, तर दुरुस्ती आधीच येऊन पडलेली! एका वाचनालयातल्या बाईंनी मदतीचे पान दुसऱ्या जागी मांडून, त्याचा नवा पत्ता घालून ती कधीच पाठवली होती. उघडून पाहायलाच कोणी नव्हते. भावाने ती स्वीकारली, नवी आवृत्ती केली, ती ताईच्या आणि आपल्या संगणकावर घातली आणि आपल्या लॅपटॉपवर 'मदत' दाबून पाहिले. "झालं!" तो म्हणाला.

ताईने आपल्या संगणकावर दाबले.

"अरे, मी जिंकले!" ती ओरडली. "बँकेचं विचारतोय मेला. सांगून टाकू?"

भाऊ चक्रावला. त्याचा लॅपटॉप इंग्रजीत, तिचा संगणक तिच्या भाषेत. घाईत मला लिहिताना त्याने पत्ता मदतीच्या वाक्यातच घालून ठेवला होता. ज्याने ज्याने ते वाक्य भाषांतरित केले, त्याच्या त्याच्याबरोबर पत्ताही गेला. वाचनालयातल्या बाईंनी इंग्रजी वाक्य नीट केले होते. बाकी माझ्या पोटात जितक्या भाषा, तितके जुने पत्ते.

भावाने ते सगळे शोधून काढले आणि या वेळी नवा पत्ता एकाच जागी ठेवला. सगळ्या भाषांनी तिथूनच तो घ्यायचा. मग तो लॅपटॉप मिटू लागला.

"थांब. कपडा उलटा करून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नाही," ताई म्हणाली. "एकेक भाषा लाव. मी दाबते."

"त्यातल्या निम्म्या आपल्याला वाचता येत नाहीत!"

"लाव म्हटलं ना."

तो लावत गेला, ती दाबत गेली. कुठे अक्षरे वेलांटीसारखी, कुठे उजवीकडून डावीकडे जाणारी.

"यात काय लिहिलंय रे?"

"काय माहीत. पण बक्षीस नाही."

"मग पुढचं."

अशी एकही भाषा सुटली नाही. दुरुस्त झालेला मी पुन्हा स्टोअरकडे गेलो.

मित्रांनो, जुना म्हणून माझी कीव करू नका, आणि जुना म्हणून मला हाकलूही नका. मी काम करतो की नाही, ते दाबून बघा. चुकीच्या दारात पोहोचलात तर गुपचूप परत फिरू नका, कळवा. आणि तुम्ही कधी असे काही बनवलेत, तर कळवणाऱ्याचा निरोप उघडून तरी पाहा.

स्टोअरचे उत्तर ताईच्याच संगणकावर उघडले. भाऊ वाचायला वाकला, तर तिने त्याला कोपराने बाजूला केले. "मी वाचते."

ती एकेका शब्दावरून पुढे सरकली. मी राहणार होतो. शेवटच्या ओळीत एका लांब शब्दावर ती अडली. बाण त्या शब्दावर येऊन थांबला. मी तयारच होतो. पण तिने दाबले नाही.

"पड... पडता... पडताळणी," ती म्हणाली. "पडताळणी पूर्ण झाली आहे."

मग तिने दाबले. मी सावकाश म्हणालो: पड-ता-ळ-णी.

"बरोबर म्हणालास," तिने मला सांगितले आणि मशीन सुरू केले.