शेजाऱ्याच्या तोंडचं कौतुक

पिरोत गावात कुणी आपल्याच तोंडाने आपली थोरवी गायला लागलं, की म्हातारी माणसं एवढंच विचारतात, "तुला शेजारी नाहीत का?" मुलगी दाखवायची असो, चीज विकायचं असो, नाहीतर नवा किलिम, म्हणजे लोकरीचा गालिचा, मागावरून उतरवायचा असो, गुण गायचे ते शेजाऱ्याने. आपण मान खाली घालून म्हणायचं, बरं जमलंय.

यगोदाची जीभ या रीतीत वाढलेली, आणि मिल्येवाबाई त्या जिभेच्या हात धुऊन मागे लागलेल्या. बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. वसंतात ऑफिस बंद पडलं आणि यगोदा नि रास्तको दोघंही घरी बसले, तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस ते बाईंच्या स्वयंपाकघरात असत. सात वर्षं एका टेबलाशी समोरासमोर बसून दोघांनी सगळ्या खोऱ्यातल्या बसगाड्यांच्या तिकिटांचा प्रोग्राम लिहिला होता. रास्तकोची आई, दोब्रिलाकाकू, किलिम विणायच्या. त्यांच्या मागावरच्यासारखंच होतं ते काम. उभा धागा एकाचा, आडवा दुसऱ्याचा. उसवायला बसलं तर कुणाचा कुठला ते कळू नये.

आता नॉर्वेच्या एका कंपनीत घरी बसून करायच्या कामाची एक जागा होती. एकच. ज्याला मिळणार नाही त्याने स्लोव्हाकियात मोटारींच्या कारखान्यात जाऊन उभं राहायचं. गावातली निम्मी तरणी माणसं गेलीच होती.

बाई यगोदाला आरशासमोर उभं करत. "'बरं जमलंय' म्हणालीस, की तिकडे त्यांना वाटतं, बिघडलंय. तुझं तू सांग, छाती काढून सांग. दुसऱ्याचं विचारलं तर दोन शब्दांत आटप." रास्तकोचं इंग्रजी तिच्याहून सरस, पण स्वतःबद्दल बोलायचं आलं की मुका. बाई त्याला बैल म्हणत आणि तो कान खाजवत हसायचा.

तोडगा त्यानेच काढला. "तुझं मी सांगतो, माझं तू सांग. शेजारी कशाला असतात मग?" दोब्रिलाकाकूंनी त्यावर घरच्या राकिया दारूचे पेले भरले आणि ठरलं.

त्याची मुलाखत दहाला, तिची अकराला. अकराला पाच कमी असताना त्याचा फोन आला. "तुझं एवढं गायलंय गं, की आता नुसती बसून राहिलीस तरी चालेल. जा, आता माझं गा."

पडद्यावरच्या माणसाने विचारलं, सगळ्यात अवघड काम कोणतं केलंत? यगोदाच्या डोळ्यांसमोर तो ईस्टर आला. सणाची गर्दी, एकेका जागेची दोन-दोन तिकिटं विकली गेलेली, स्थानकात माणसं हातघाईवर आलेली. तीन दिवस जागेवरून न उठता तो घोळ रास्तकोने शोधला होता. ती खायला आणून देत होती, कॉफी करत होती.

"मी शोधला," ती म्हणाली. सफाईदार इंग्रजीत, आरशातल्यासारखं. आणि रास्तको कसा आहे, त्या माणसाने विचारलं. "चांगला सहकारी आहे." दोन शब्दांत आटपलं. वाक्य कुठेही अडलं नाही.

शुक्रवारी पत्र आलं. जागा तिला मिळाली होती. खाली लिहिलं होतं, ईस्टरचा तो घोळ तुम्हीच सोडवलात, असं रास्तको यांनी आपण होऊन सांगितलं होतं. त्यामुळे ठरवणं सोपं गेलं.

यगोदाने ती ओळ दोनदा वाचली. चोरायला गेली ती वस्तू त्याने आधीच तिच्या दारात आणून ठेवली होती.

संध्याकाळी तो केक घेऊन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग दाराशी थांबून त्याने विचारलं, "माझं काय सांगितलंस?"

"सगळं," यगोदा म्हणाली.

"मग माझं इंग्रजीच कच्चं पडलं," तो म्हणाला. तिची सरावाची वही त्याने मागून घेतली.

महिन्याने स्लोव्हाकियाच्या बसपाशी ती निरोपाला उभी होती. दोब्रिलाकाकू तिचाच हात धरून रडत होत्या. तू आहेस म्हणून आधार आहे, म्हणत होत्या. रास्तकोच्या मांडीवर ती वही उघडी होती. बस हलली तसं त्याने खिडकीतून तिकीट बाहेर धरलं.

"बारा नंबर," तो हसून म्हणाला. "बघ, माझ्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं नाही."