तांब्याची चकती आणि थांबलेली घड्याळे

"वाचा, आजी! मोठ्यानं वाचा!"

सभागृह तुडुंब भरले होते. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले, आणि तेही भरले तेव्हा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. व्यासपीठावर एक वृद्धा बसली होती. तिचा जाड भिंगांचा चष्मा काढून घेतला होता आणि तिच्या एका डोळ्यासमोर बाटलीच्या झाकणाएवढी तांब्याची चकती धरलेली होती. चकतीच्या मधोमध एक बारीक छिद्र होते. तिच्या हातात औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद दिला होता. ज्यावरची अक्षरे मुंगीच्या पायांशी स्पर्धा करतात, तो.

"हे औषध... डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून... बंद करू नये," आजींनी अडखळत, परंतु अचूक वाचले.

टाळ्यांनी छत दणाणले. "चष्म्याशिवाय समोरची भिंत दिसत नव्हती हो यांना!" आजींची सून गहिवरून सांगत सुटली. काय वाचले गेले, इकडे त्या दोनशे माणसांतील एकाचेही लक्ष नव्हते. वाचता आले, एवढेच सर्वांनी ऐकले.

ज्यांच्या हाती ती चकती होती, त्यांना लोक 'दृष्टिदाते' म्हणत. स्वर मधाळ, वस्त्रे शुभ्र, आणि बोलणे असे की मध्ये श्वास घ्यायलाही ऐकणाऱ्याला परवानगी मागावीशी वाटे.

"चष्मा म्हणजे डोळ्यांच्या कुबड्या! कुबड्या घेऊन कोणी पळायला शिकलंय? आणि ते थेंब! डोळा म्हणजे कमळ. कमळावर कोणी रसायन शिंपडतं का? थेंब घातले की चुरचुरतं की नाही? लाल होतो की नाही डोळा? तो रडून सांगतोय तुम्हाला, बाबांनो, नको, नको! ही चकती मी मंत्रून दिलेली आहे. पण चकती आणि बाटली एका घरात नांदत नाहीत. चकती हवी त्यानं बाटली इथं ठेवावी."

व्यासपीठाच्या कडेला एक टोपली होती. ती लहान लहान बाटल्यांनी अर्धी भरली होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ उठले, चाचपडत पायऱ्या चढले आणि त्यांनी खिशातली बाटली टोपलीत टाकली. दृष्टिदात्यांनी त्यांची हनुवटी हलकेच वर उचलली, डोळ्यांत गुलाबपाण्याचा गार थेंब सोडला आणि हातात चकती ठेवली.

हे गृहस्थ म्हणजे आमचे घड्याळजी. त्यांचे दुरुस्तीचे दुकान तळमजल्यावर आहे आणि त्यामागच्या खोलीतच ते राहतात. मी वरच्या मजल्यावर राहतो. सतरा पायऱ्यांचे अंतर. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले; आता शिकवायला कोणी नाही. त्यांची मुलगी दूरदेशी असते आणि पत्नी दीड वर्षापूर्वी गेली. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढतो, आणि पाहण्याची जी नस असते ती त्या दाबाखाली मुकाट्याने सुकत जाते. पत्नी होती तोवर रोज तिन्हीसांजेला ती त्यांच्या डोळ्यांत औषध घालत असे. "मान वर, तोंड बंद," हा तिचा आवाज मला जिन्यात ऐकू येई. तो आवाज थांबल्यावर थेंबांचे काय झाले, हे मी कधी विचारले नव्हते.

घरी परतताना मी मनात तर्कांची जुळवाजुळव करीत होतो.

"बाटली कशाला टाकलीत, घड्याळजी?"

"मास्तर, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतो मी अजून. डोळा जाणारा माणूस हे करील का?" त्यांनी खिशातली चकती चाचपली. मग हळू म्हणाले, "आणि त्यांनी माझी हनुवटी धरली. दीड वर्षात माझ्या तोंडाला कोणाचा हात लागला नव्हता."

माझे सर्व तर्क जागच्या जागी राहिले. वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करणे मला ठाऊक होते. हा प्रतिपक्ष नव्हता. मी सतरा पायऱ्या चढून वर आलो.

पाच आठवडे गेले. घड्याळजींच्या दुकानाची एक भिंत जुन्या घड्याळांनी भरलेली आहे आणि दर सोमवारी सकाळी ते क्रमाने सगळ्यांना चावी देतात. पत्नीच्या सुतकातही हा नेम चुकला नव्हता. एका मंगळवारी मी माझे मनगटी घड्याळ घेऊन खाली गेलो. ते एका डोळ्यावर भिंग लावून बसले होते. चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी होता. तो त्यांनी दोनदा चाचपला आणि तिसऱ्यांदा सांडला.

"धांदरट झालोय," ते हसून म्हणाले.

माझी दृष्टी भिंतीकडे गेली. डाव्या कोपऱ्यात वरच्या रांगेला तीन घड्याळे आहेत. ती टोले देत नाहीत, त्यांचा नुसता लंबक हलतो. तिन्ही लंबक स्थिर होते.

"काल चावी दिली नाहीत?"

"दिली की. सगळ्यांना."

"त्या तिघांना?"

"कोणत्या तिघांना?"

मी बोट दाखविले. त्यांना ते दिसले नाही. त्यांनी मान पूर्ण वळवली, आणि मग मात्र ते पाहतच राहिले. ही त्यांच्या सासऱ्यांची घड्याळे होती. तीस वर्षांत ती कधी थांबली नव्हती.

"विसरलो नाही, मास्तर," ते म्हणाले. "ती तिथं नव्हतीच."

त्याच दुपारी आम्ही नेत्ररुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना बोलण्याची घाई नव्हती. त्यांनी दाब मोजला. मग एका यंत्रात तोंड घालून, ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितले. घड्याळजी तिथे फार वेळ बटण न दाबता बसले होते. आपण चुकत आहोत असे त्यांना वाटत नव्हते. ठिपकेच येत नाहीत असे वाटत होते.

"काका, थेंब किती दिवस बंद आहेत?"

"पाच आठवडे."

"आणि त्याआधी कसे घालत होता?"

"एक गालावर, एक कानात, एक नशिबानं डोळ्यात," घड्याळजी ओशाळून म्हणाले. "बाटली दहा दिवसांत संपायची. नवी आणीपर्यंत तसाच."

बाईंनी आलेख समोर ठेवला. डाव्या डोळ्याचा डावीकडचा बराचसा भाग काळा होता. "काही आधीच गेलं असेल, काही या पाच आठवड्यांत. जे गेलं ते परत येणार नाही, काका. मी खोटं सांगणार नाही. पण उरलंय ते राखता येतं, आणि ते पुष्कळ आहे."

घड्याळजींनी खिशातून चकती काढून टेबलावर ठेवली. "पण यातून मला बारीकातलं बारीक दिसतं."

बाईंनी कचऱ्याच्या डब्यातून औषधाचे एक रिकामे खोके काढले, त्याचा पुठ्ठा फाडला आणि सुईने एक भोक पाडले. "चष्मा काढा. आता यातून वाचा."

घड्याळजींनी वाचले. अक्षर न् अक्षर.

"हा चमत्कार मी दिवसातून पन्नासदा करते. आमच्याकडे त्याला तपासणी म्हणतात. नंबर असलेल्या डोळ्यात प्रकाश पसरून पडतो, म्हणून अक्षर फाकतं. बारीक भोकातून पसरणारा प्रकाश अडतो, सरळ येणारा तेवढा आत जातो, आणि अक्षर नीट दिसतं. भोक तांब्याचं असो नाहीतर पुठ्ठ्याचं. नस सुकतेय का, ते त्या भोकाला कुठून कळणार?"

घड्याळजी पुठ्ठा डोळ्याला लावून तसेच बसले. मग म्हणाले, "मास्तर, जरा माझ्या डाव्या अंगाला उभे राहा." मी उभा राहिलो. "आता तुम्ही दिसत नाही." त्यांनी पुठ्ठा खाली घेतला. "आत्ताही दिसत नाही." मग पुठ्ठा माझ्या हाती दिला. "तुम्ही बघा यातून. मी दिसतो का?"

मी दुसरा डोळा मिटून पाहिले. समोरचा तक्ता लख्ख दिसत होता. बाजूला बसलेले घड्याळजी नव्हते.

त्या माणसाने पन्नास वर्षे घड्याळांचे दोष शोधले होते. त्याला या लबाडीचा दोष बरोबर सापडला. चकती डोळ्याला लावली की निरोग्याची बाजूही नाहीशी होते. मग रोग्याची बाजू केव्हा गेली, हे त्याला कळावे कसे?

पुढच्या मेळाव्याला घड्याळजी पुठ्ठ्याच्या शंभर तुकड्यांची चवड घेऊन गेले. प्रत्येकाला त्यांनी आपल्या बारीक सामत्याने भोक पाडले होते. डॉक्टरीणबाई मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. तुकडे वाटले गेले, चष्मे उतरले, आणि सभागृहभर लोक आपापल्या हातातले कागद वाचू लागले.

दृष्टिदाते क्षणभरच गडबडले. "पाहिलंत? या कागदातही माझंच तेज उतरलं!"

"उतरलं असेल," घड्याळजी नम्रपणे म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक तांब्याची चकती काढली. हुबेहूब तीच, फक्त तिला भोक नव्हते. "मग यातही उतरवा."

दृष्टिदात्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, चकतीवर फुंकर मारली आणि ती त्याच आजींच्या डोळ्यासमोर धरली.

"काय दिसतं, आजी?"

"काळोख."

"श्रद्धा कमी पडली!"

"अहो, भोक होतं तेव्हा बरी पुरत होती हो श्रद्धा!" आजी म्हणाल्या. मागून कोणीतरी फसकन हसले, आणि मग ते हसू खुर्च्यांच्या रांगा ओलांडत पुढे येत गेले.

घड्याळजी हसले नाहीत. ते लोकांकडे वळले. "माझी डावी बाजू गेली. दुखलं नाही, कळलंही नाही. ज्यांनी त्या टोपलीत बाटली टाकलीये, त्यांनी कृपा करून उद्याच डॉक्टरांकडे जावं."

लोक टोपलीकडे धावले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आडवा हात घातला. "त्या बाटल्या आता कोणी वापरू नका. कोणाची कोणती ते कळणार नाही, आणि उघडलेली बाटली साधारण महिन्याभरानं टाकून द्यायची असते. नवी घ्या. थेंब चुरचुरतात, डोळा लाल होतो, दम लागतो, तर आम्हाला येऊन सांगा. आम्ही औषध बदलू. आपल्या मनानं बंद करू नका."

या गडबडीत दृष्टिदाते मागल्या दाराने निघून गेले. टोपली तेवढी राहिली.

वाचकहो, चमत्कार पाहिला की टाळी वाजवण्याआधी एवढेच विचारावे: हीच गोष्ट मंत्रावाचून होते का? आणि मंत्र ठेवून बाकीचे काढून घेतले, तर उरते का? या दोन प्रश्नांना विद्वत्ता लागत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा आणि एक सुई पुरते. प्रत्यक्ष दिसते ते प्रमाण खरे. परंतु जे दिसत नाही ते नाहीच, असे समजू नये. मान वळवून पाहावे. मलाही ती वळवायला दीड वर्ष लागले.

आता रोज तिन्हीसांजेला मी सतरा पायऱ्या उतरतो. हात साबणाने धुतो. घड्याळजी खुर्चीत मागे रेलतात. मी खालची पापणी हलकेच ओढतो, बाटलीचे टोक कुठेही टेकू न देता एकच थेंब सोडतो; ते डोळा मिटतात आणि मी नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरतो, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहते. दोन मिनिटे. दुसरे औषध त्यानंतर पाच मिनिटांनी. तेवढ्यात आमच्या गप्पा होतात. सोमवारी चावी देताना ते कोपऱ्यातल्या तिघांपासून आरंभ करतात.

डोळ्याचा कोपरा दाबून धरलेली ती दोन मिनिटे मात्र आम्ही बोलत नाही. भिंतीवरची सगळी घड्याळे चालू असतात. वेळ पूर्ण झाल्याचे माझ्या आधी त्यांना कळते. पन्नास वर्षांचा सराव आहे. परंतु ते सांगत नाहीत, आणि मीही हात लगेच काढत नाही.