एकसारखं दिसावं म्हणून

गाडी विकत घ्यायची, लीजवर घ्यायची, की लागेल तशी भाड्याने आणायची, हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा अगदी लहान होता. पुढे प्राध्यापकांनी त्याला खाऊपिऊ घालून असा काही वाढवला, की तो दोन खोल्यांच्या त्या भाड्याच्या घरात चौथा माणूस होऊन बसला.

प्राध्यापक म्हणजे सूनबाईचे यजमान. तिकडे मायदेशी कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. सूनबाईला परदेशात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली, तेव्हा स्वतःची सोडून तिच्यामागोमाग आले. सोबत सासूबाई आल्या. इथे आल्यावर प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की शिकवायला वर्गच उरलेला नाही. उरल्या दोघी. त्यातली आई तर जन्मात कधी त्यांचं ऐकत नव्हती. मग त्यांनी गाडीचा विषय हातात घेतला आणि तो पुरवून पुरवून खायला सुरुवात केली. विकत घ्यावी, तर दुकानाच्या दारातून बाहेर काढल्या काढल्या तिचा भाव पडतो. लीजवर घ्यावी, तर ती आपली असूनही आपली नसते, आणि परत करताना कंपनीवाले भिंग घेऊन ओरखडे शोधतात. भाड्याची गाडी म्हणजे तर दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला जाणं. सकाळी ते विकतच्या बाजूने असत, दुपारी लीजच्या, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांच्या विरुद्ध.

सूनबाई मान हलवायची. तिला हा प्रश्न सुटायलाच नको होता. तो सुटला, की गाडी चालवायची वेळ येणार होती तिच्यावर. प्राध्यापकांना गाडी येत नव्हती, फक्त तिच्याबद्दल बोलता यायचं.

लायसन्स होतं तिच्याकडे. इथलं, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेलं. पण शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक दुसरा ब्रेक असायचा. परीक्षेच्या गाडीतही होता. तिने जे काही चालवलं होतं ते त्या दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर, डोळे झाकून म्हणावं तसं. आता तो पाय नव्हता. तिकडे तिने स्कूटर भरगर्दीतून पळवली होती, पण इथे रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलटं, आणि कोणी हॉर्नही वाजवत नाही. हॉर्न नसला की समोरच्याच्या मनात काय आहे ते माणसाला कळणार तरी कसं?

मग त्या शुक्रवारी दवाखान्यातल्या हेडबाईंनी तिला बोलावलं. घरोघरी जाऊन पेशंटांना व्यायाम देणारी मुलगी नोकरी सोडून चालली होती. सोमवारपासून ती फेरी सूनबाईकडे. नोकरी अजून कच्चीच होती. ही फेरी जमली तर पक्की, नाहीतर हेडबाई दुसरं कोणी बघणार. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की तिघांनी बॅगा भरायच्या. हेडबाईंनी सहज विचारलं, गाडी आहे ना तुमच्याकडे?

सूनबाईच्या तोंडातून "आहे" असं बाहेर पडलं.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा प्राध्यापक आधी तिच्यावर आणि मग हेडबाईंवर चिडले. एवढा मोठा निर्णय असा घाईत होत नसतो. बरीच घासाघीस झाल्यावर त्यांनी तोड काढली: शनिवार-रविवार गाडी भाड्याने आणायची, सूनबाईने हात साफ करायचा, म्हणजे गाडीचा प्रत्यक्ष अनुभव गाठीशी येईल आणि मग शांतपणे ठरवता येईल. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते. घरात बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा तिथेच लावते."

भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात एक तरुण पोरगा चाव्यांचा जुडगा फिरवत उभा होता. सूनबाईने मनातल्या मनात त्याचं नाव चावीवाला ठेवलं. त्याने एक छोटी पांढरी गाडी बाहेर काढली आणि तिच्याभोवती फिरून फोनवर फोटो काढले. डावीकडच्या मागच्या दारावर बोटभर लांबीचा एक जुना ओरखडा होता, तोही दाखवला आणि त्याचाही फोटो काढला. सासूबाई तेव्हा लांब बाकड्यावर काठी टेकून बसल्या होत्या. मग त्याने विचारलं, वरचा जास्तीचा विमा हवा का, म्हणजे काही लागलं-खरचटलं तरी चिंता नाही. प्राध्यापक हसले. हे लोक माणसाची भीती विकतात, असं त्यांनी सूनबाईला मराठीत समजावलं, आणि विमा नको म्हणून सांगितलं.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर सूनबाईने इंडिकेटर द्यायला दांडी ओढली, तर काचेवरचे वायपर चालू झाले. दुसऱ्या वळणावरही तेच. दोन दांड्यांतली कुठली कशाची, हे तिला नेमकं वळणावरच आठवेनासं व्हायचं. भर उन्हात खर्रखट्ट वायपर मारत ती पांढरी गाडी शहरातून चालली होती आणि मागून येणारे आदबीने अंतर ठेवत होते.

"पाऊस नाहीये गं," सासूबाई मागून म्हणाल्या.

"माहितीये आई."

"नाही, मला वाटलं तुला पुढे दिसतोय."

सूनबाईशेजारी प्राध्यापक दोन्ही पाय गाडीच्या तळाला असे रोवून बसले होते, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली होता. तोंडाने ते अगदी शांत होते. सावकाश, घाई नाही, छान चाललंय. फक्त आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागला होता.

मोठ्या दुकानाच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तो आवाज आला. दोन खांबांच्या मधून ती गाडी नेत होती, प्राध्यापकांनी एकदम श्वास आत ओढला, आणि खर्र्र.

सूनबाईने गाडी थांबवली. प्राध्यापक समोर बघत राहिले. खाली उतरून बघावं इतकं साधं काम, पण ती उतरली नाही. बघितलं तर ते खरं होईल, असं काहीतरी तिला वाटलं. तिने गाडी उलटी घेतली, तशीच घरी आणली, इमारतीच्या मागे लावली आणि चावी मीठमिरचीच्या डब्यांमागे ठेवून दिली.

त्या रात्री ती जेवली नाही. प्राध्यापकांनी लीजचा विषय काढला, पण त्यांनाच त्यात राम वाटेना.

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या. बादली नव्हती. भांडी घासायची पावडर आणि सासूबाईंनी सामानातून आणलेली तारेची घासणीही ओट्यावर नव्हती. सूनबाई चपला न घालताच जिना उतरली आणि तिच्यामागून प्राध्यापक.

सासूबाई गाडीशेजारी उलट्या बादलीवर बसल्या होत्या, पदर खोचून, दमलेल्या. गाडीची डावी बाजू, मागच्या दिव्यापासून पुढच्या चाकापर्यंत, पांढरी राहिली नव्हती. ती राखेने घासलेल्या जुन्या पातेल्यासारखी दिसत होती. चमक साफ गेली होती आणि सगळीकडे गोल गोल रेघा उठल्या होत्या. निगुतीने काढलेल्या, एकसारख्या.

सूनबाई तिथेच पायरीवर बसली.

"मागच्या दारावर एवढंसंच होतं," सासूबाईंनी बोट दाखवलं. "ते पुसायला गेले तर आजूबाजूचं वेगळंच दिसायला लागलं. मग म्हटलं सगळंच घासावं. एकसारखं दिसावं म्हणून."

"आई, तो ओरखडा जुना होता," प्राध्यापक कसंबसं बोलले. "त्यांनीच दाखवला होता आम्हाला."

सासूबाईंनी घासणीकडे पाहिलं. मग सूनबाईकडे. "मला कोणी सांगितलं नाही. काल तो आवाज झाला, ही पांढरीफटक पडली. जेवली नाही. मला वाटलं हिच्याकडून लागलं. सकाळी उठून हिला दिसायला नको, एवढंच."

सूनबाईला रडावं की ओरडावं ते कळेना. लग्नानंतर इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिला कधी गोड शब्दाने जवळ घेतलं नव्हतं, आणि आज घेतलं ते तारेच्या घासणीने. तिने उठून सासूबाईंना हात देऊन उभं केलं.

गाडी संध्याकाळी परत करायची होती. सूनबाईच्या डोळ्यांसमोर सगळं ओळीने येत होतं: ऑफिसातला आरडाओरडा, भरपाई, सोमवारी हेडबाईंचा चेहरा, मग विमानतळ. प्राध्यापकांनी मात्र दुपारी योजना सांगितली. गाडी नेऊन डाव्या बाजूने भिंतीला अगदी चिकटवून लावायची. चावी द्यायची, नमस्कार करायचा, चालू पडायचं. रात्रीतून काय होईल ते होईल. आयुष्यभर पोरांना नैतिक व्यवहार शिकवलेला माणूस हे बोलत होता. भीतीने माणसाचं काय होतं बघा.

आणि सूनबाईने ती गाडी लावली. आजवर तिला मोकळ्या मैदानातही सरळ लावता आली नव्हती. पण त्या संध्याकाळी ऑफिसच्या आवारात, आरशात बघत, इंच इंच सरकवत तिने ती गाडी भिंतीला अशी लावली, की मधून कागद सरकला नसता. मास्तरांनी पाहिलं असतं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. फक्त डाव्या बाजूने कोणाला उतरता येईना. सासूबाई उजव्या दारातून काठीसकट बाहेर आल्या आणि प्राध्यापकांच्या मागोमाग सूनबाईला स्टिअरिंगखालून त्यांच्या सीटवरून सरपटत यावं लागलं.

चावीवाला आला. त्याने उजवी बाजू बघितली, पुढची बघितली, मागची बघितली. मग भिंतीजवळ जाऊन वाकला आणि म्हणाला, "जरा पुढे घेता का?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. प्राध्यापकांच्या तोंडून त-त-प-प सुरू झालं. सूनबाई उजव्या दारातून पुन्हा आत शिरली आणि तिने गाडी पुढे घेतली.

चावीवाल्याने फोनवरचा आदल्या दिवशीचा फोटो उघडून गाडीशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. अपघाताच्या गाड्या त्याने शंभर बघितल्या असतील, पण घासलेली गाडी पहिल्यांदाच बघत होता. हे कसं झालं, असं त्याने विचारलं.

"मी केलं," सूनबाई म्हणाली.

"तिने काही केलं नाही," सासूबाई मराठीतच म्हणाल्या आणि काठी जमिनीवर आपटली. "सांग रे त्याला. हे माझे हात."

प्राध्यापकांनी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले, तेही मराठीत. "तो आवाज माझ्या सीटचा होता."

"कुठला आवाज?" सूनबाईने विचारलं.

"कालचा. तळघरातला. मी घाबरून पाय इतके दाबले, की सीटचा खटका निघाला आणि सीट मागे सरकली. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

म्हणजे सूनबाईकडून काहीच लागलं नव्हतं. दोन खांबांमधून तिने गाडी नीट बाहेर काढली होती. हे कळायला एक अख्खी गाडी घासून निघाली.

चावीवाला आत जाऊन मालकाला फोन करून आला. रंगाचा खर्च सांगायचा तर तो डोळे पांढरे करणारा होता. पण ही गाडी पुढच्या महिन्यात तसंही विकायला काढायची होती, जुनी झाली होती. मालक म्हणत होता, तुम्हीच घेऊन टाका. आता अशा गाडीला गिऱ्हाईक मिळणार नाही, तेव्हा स्वस्तात देतो. डिपॉझिट त्यातच धरतो. हवं का, ते आत्ता सांगा.

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. त्यांना तीन महिने पुरलेला प्रश्न एका पोराने अर्ध्या मिनिटात त्यांच्यासमोर ठेवला होता. घरी जाऊन जरा विचार करावा लागेल, अजून एकदोन ठिकाणी चौकशी करायला हवी, लीजचीही एक नवी योजना आलीय, असं ते बोलायला लागले.

"घेऊ या," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण तुलना..."

"अहो, उद्या सोमवार आहे. आणि हिला आता काय लागायचं राहिलंय?"

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिचा आवाज अजूनही कापत होता. पण शब्द कापत नव्हते.

सोमवारी ती एकटीच निघाली. पुढच्या सीटवर प्राध्यापक नव्हते, मागच्या सीटवर काठी नव्हती, कुठेच दुसरा ब्रेक नव्हता. भीती होतीच, अगदी मांडीला मांडी लावून शेजारी बसली होती. पहिल्या वळणावर वायपर चालू झाले. तिने बंद केले आणि पुढे गेली. दुसऱ्या वळणावर इंडिकेटर लागला. मागून येणारे लोक त्या डाव्या बाजूकडे बघून आणखी जास्त अंतर ठेवत होते. असली गाडी चालवणाऱ्या बाईच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांना वाटलं असावं, आणि सूनबाईला ते फार बरं वाटलं.

पहिल्या पेशंटच्या घराचं फाटक अरुंद होतं. आत शिरताना उजव्या बाजूने खर्र्र झालं. या वेळी ती खाली उतरली आणि तिने बघितलं. वीतभर लांब ओरखडा, अस्सल, स्वतःच्या हाताने कमावलेला. मग ती आत गेली. गुडघा बदललेले एक आजोबा पलंगाच्या काठावर बसून जमिनीकडे बघत होते, जणू ती विहीर होती. पाय टेकवायची त्यांची छाती होत नव्हती.

"टेका आजोबा," सूनबाई म्हणाली. "मी धरलंय."

"तुमचाच हात थरथरतोय," आजोबा म्हणाले.

"हो. तरी आले की नाही?"

आजोबांनी थोडा विचार केला आणि पाय टेकवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. गाडी लावून होईपर्यंत त्यांनी उजवी बाजू पुरती न्याहाळून घेतली. जिन्यात त्यांचा आवाज आला, काळजीचा, हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असा.

"अगं, घासणी आणू का?"