ओंजळ

बसने करकचून ब्रेक लावला तशी बासिलियाने डोक्यावरची गोल टोपी काढून मांडीवर घेतली आणि सीटवरून खाली घसरली. गुडघे पुढच्या सीटला टेकले, हनुवटी छातीत रुतली. खिडकीची काच आता तिच्या कपाळाच्या वर गेली. पण काचेतून दिसायचं ते तिने एका नजरेत पाहून घेतलं होतं. रस्त्यावर आडवे टाकलेले दगड, जळता टायर, आणि त्या दगडांवर शाली गुंडाळून बसलेलं तिचं सबंध गाव.

मधोमध, सगळ्यांत मोठ्या दगडावर, सासू.

"मास्तर, झालं काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"काय व्हायचंय? बंद!" ड्रायव्हरने किल्ली फिरवून इंजिन गप्प केलं. "सकाळी पुलावर बसले होते, आता इथे आलेत. पाय मोकळे करा आणि देवाचं नाव घ्या."

गाव पुलावर बसणार म्हणूनच बासिलियाने आजचा दिवस धरला होता. बंदाला घरटी एक माणूस लागतं. त्यांच्या घरची सासू गेली, सून मेंढरांमागे राहिली. मेंढरं दगडी वाड्यात कोंडून, डोण पाण्याने भरून ती टेकडीच्या मागून निघाली आणि पलीकडच्या बाजारगावात बसमध्ये चढली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि ही बस पुलावरून जातही नव्हती. एल आल्तो शहरात तिची थोरली बहीण सूपची गाडी लावते. ये, माझ्यापाशी एक चूल आणखी मांडू, असं ती कधीचं सांगत होती. आता गाव पुलावरून उठून बसच्या पुढ्यात येऊन बसलं होतं, आणि माघारी जायचं तर दिवस कलायच्या आत मेंढरांपर्यंत पोचणं होत नव्हतं.

कुणी मारत नव्हतं तिला, उपाशी ठेवत नव्हतं. नवरा, रेमिहिओ, ब्राझीलला शिवणाच्या कारखान्यात गेला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग सणावारी, मग तोही थांबला. तिकडून आलेली माणसं त्याचा विषय निघाला की टोपीची कड चाचपायची. त्याने तिकडे दुसरं घर केलंय हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूच्या तोंडावर मात्र कुणी बोलत नसे. सासू, दोन्या सातुर्निना, रोज पहाटे पहिला घोट भुईमातेला शिंपडायची, मग स्वतः प्यायची, आणि सुनेकडे न बघता म्हणायची, "बायको घरात असली की पुरुष वाट विसरत नाही." एवढंच. हे वाक्य बासिलियाच्या पायात दाव्यासारखं होतं. दावं दिसत नाही, पण जनावर खुंट्याभोवतीच फिरतं.

"तुझं काही हरवलंय का खाली?" शेजारच्या मुलीने विचारलं.

ती ब्रिसा. अर्जेंटिनातल्या कोर्दोबाची, पाठीवरच्या पिशवीत घर घेऊन हिंडणारी. पलीकडे तिचा मित्र ओक्तावियो, वर टांगलेल्या सामानाला डोकं लागेल इतका उंच. दोघं सकाळपासून एकाच नळीने माते नावाचा कडू चहा ओढत होते आणि वाटेतल्या प्रत्येक डोंगराला नाव विचारत होते.

बासिलियाने मान हलवली.

"मग वर बस की, बाई. पाठ मोडेल."

"नको." मग अगदी खालच्या आवाजात, "ते माझं गाव आहे."

ब्रिसाने खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा खाली घसरलेल्या बासिलियाकडे बघितलं. "आणि तू बाहेर चाललीयस."

"मोठ्या दगडावर बसलीय ती माझी सासू."

"अगंबाई," ब्रिसा म्हणाली, आणि नळी ओक्तावियोच्या तोंडातून काढून घेतली. जणू आता ती ओढत बसायची वेळ नव्हती.

ऊन काचेवर चढलं. बसमध्ये संत्र्यांच्या सालींचा, कोंबड्यांचा, बाहेरच्या टायरच्या धुराचा वास कोंडून राहिला. माणसं खाली उतरत होती, पाय झाडून परत चढत होती. बासिलियाला उतरता येत नव्हतं. कमरेपासून खाली मुंग्या आल्या. तिने कोपाकाबानाच्या माउलीचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच अडखळली. वाट मोकळी कर म्हणावं, तर दगडांवर बसलेल्यांनीही पहाटे त्याच माउलीपुढे मेणबत्ती लावली होती. नळाला पाणी मागत होते ते. त्यांचंही खरंच होतं. मग तिने काहीच मागितलं नाही, नुसतं नाव घेत राहिली.

बसच्या दारात गावचा पुढारी आला. खांद्यावर आडवा चामडी आसूड, गालात कोकाच्या पानांचा तोबरा. डॉन इसिद्रो. बासिलियाने टोपी तोंडावर धरली.

"भावांनो, बहिणींनो, आमचं भांडण सरकारशी आहे, तुमच्याशी नाही," तो म्हणाला. "परदेशी पाहुण्यांनी पायी पलीकडे जावं. तिकडे गाड्या उभ्या आहेत. आपल्या माणसांनी मात्र आपल्याबरोबर थांबायचं."

"वा रे वा!" पुढच्या सीटवरच्या कोंबडीवाल्या बाईने पिंजऱ्यावर हात आपटला. "आणि माझ्या कोंबड्या? त्या परदेशी की आपल्या?"

"त्या शिजवायच्या, मावशी," इसिद्रो हसत उतरला.

ओक्तावियो सामान काढायला उठला. ब्रिसा मात्र बसूनच राहिली. तिने बासिलियाच्या घेरदार झग्यांकडे पाहिलं, पाठीवरच्या दोन लांब वेण्यांकडे पाहिलं, आणि आपल्या पिशवीचा बंद सोडला.

"माझी दुसरी पँट आहे. तुला होईल."

"वेड लागलंय तुला?" ओक्तावियो कुजबुजला. "पकडली तर?"

"तू चढ चढताना धापा टाक, म्हणजे सगळे तुझ्याकडेच बघतील. विचारलं तर हुहुईची म्हणू. आपल्या उत्तरेच्या पोरी हुबेहूब अशाच दिसतात." मग बासिलियाला, "तोंड मात्र उघडायचं नाही. तू आमची मुकी मावसबहीण."

लग्नापासून बासिलियाने पोलेरा, हा घेरदार झगा, सोडला नव्हता. घेरावर घेर चढवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. शाळेत असताना खेळायला पँट घातली होती तेवढीच. पोलेरा उतरवलेल्या बाईला गावात लोक नाव बदलल्यासारखी हाक मारतात. तिने बोटांनी कापडाची चुणी चाचपली. मग मागच्या सीटवर सरकली. ब्रिसाने शाल आडवी धरली.

कोंबडीवाली मागे वळून बघत होती. तिचं बघून झालं तशी म्हणाली, "पोरी, एका पायात एकच पाय घालायचा. दोन्ही घातलेस तर उडत जावं लागेल."

बासिलियाच्या तोंडून दिवसातलं पहिलं हसू निसटलं.

"आणि टोपी इकडे दे. तुझ्या त्या पिशवीत चेंगरून तिची भाकरी होईल. एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात मला कुणीही दाखवील. कोंबडीवाली एलेउतेरिया म्हण."

झगे पिशवीत कोंबले. वेण्या जाकिटाच्या आत गेल्या. डोक्यावर ब्रिसाची लोकरी टोपी, डोळ्यांवर ओक्तावियोचा काळा चष्मा, पाठीवर मोठी पिशवी. पायांना वारा लागत होता, उघडं उघडं वाटत होतं. ओझ्याचं तिला काही नव्हतं. ओझं घेऊन चालायला तिला कुणी शिकवायला नको होतं. उलट ब्रिसालाच सांगावं लागलं, "वाकून चाल ग. तुला सवय असल्यासारखी नको चालूस."

तिघं उतरली. दगडांमध्ये एक माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. फटीच्या एका बाजूला इसिद्रो, दुसऱ्या बाजूला मोठा दगड, दगडावर सातुर्निना. तिच्या मांडीवर विणलेलं फडकं पसरलेलं होतं आणि त्यात कोकाची पानं. जाणाऱ्या पाहुण्याला ती थोडी थोडी देत होती. आमच्या दारावरून गेलात, मनात राग नेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

ओक्तावियोने एक हात पुढे केला. त्याला चिमूटभर मिळालं. "आभार, आजीबाई."

ब्रिसाने एक हात पुढे केला. तिलाही चिमूटभर.

सातुर्निना तोंडाकडे बघत नव्हती. देताना हाताकडे बघायचं असतं. तिने फडक्यातून पानं उचलली आणि बासिलियाचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, करंगळीला करंगळी लागली, तळवे वाटीसारखे झाले. कोका एका हाताने घेत नाहीत. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. चालायला लागल्यापासून ते अंगात होतं.

सासूचा हात मध्येच थांबला.

बासिलियाला वाटलं, मागे घ्यावेत हात. पण पुढे केलेली ओंजळ रिकामी मागे घेणं म्हणजे भुईचाच अपमान. ती तशीच उभी राहिली. लोकरीचा दोर वळून वळून बोटांच्या पेरांवर घट्टे पडले होते, आणि ते घट्टे कुणाच्या घरचे हे सांगायला चष्मा आड येत नव्हता.

सातुर्निनाने नजर वर केली नाही. तिने हातातली पानं ओंजळीत सोडली. मग पुन्हा फडक्यात हात घातला आणि मूठभर घातली. मग आणखी एक मूठ. पानं करंगळ्यांवरून ओघळायला लागली.

"पुढे गाडी मिळेल ना, आजी?" ब्रिसाने घाईने विचारलं. तिचा आवाज चिरकला होता. "की इथेच थोडं थांबावं?"

म्हातारी घरात कधी स्पॅनिश बोलत नसे. शब्द एकेक करून, दगड उचलल्यासारखे, तिने काढले.

"इथे थांबलं म्हणून कुणी येत नाही, सेन्योरिता."

मग ती दगडावरून उठली. बासिलियाच्या मानेपाशी जाकिटातून एका वेणीचं टोक काळ्या लोकरीच्या गोंड्यासकट बाहेर आलं होतं. सातुर्निनाने ते दोन बोटांनी आत सारलं, कॉलर वर ओढली, आणि पिशवीवर तळहात ठेवून, दारातलं कोकरू पुढे लोटावं तसं तिला फटीतून पुढे लोटलं.

बासिलिया चालू लागली. ओंजळ भरलेली, त्यामुळे नाक पुसता येईना, चष्मा सावरता येईना. ब्रिसा शेजारून जवळजवळ पळत होती. "आम्हाला चिमूट, आणि तुला एवढं? अगं, तिने ओळखलं की काय?" ओक्तावियो म्हणाला, "मागे बघू नका, कुणी मागे बघू नका."

बासिलियाने मागे बघितलं नाही. पण पठारावर वारा आवाज लांबवर वाहून आणतो. इसिद्रो विचारत होता, "काय ग सातुर्निना, त्या पोरीला एवढं काय सांगत होतीस?"

मग सासूचा आवाज, रोजचा, कोरडा.

"वाट चुकली होती. सांगितली."