लाल ठिपक्याचा खटका

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. विजेवर चालणाऱ्या सायकलच्या उजव्या मुठीपाशी असतो ना, अंगठ्याने दाबला की गिअर बदलतो, तोच. आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. माझी गोष्ट तुम्हाला गोड लागणार नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य परभणीत, कावेरीच्या घरी सुरू झालं. कावेरी पेडगावला शाळेत शिकवते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि वाटेत एक उंच पूल. चढ आला की ती माझं खालचं बटण दाबायची, मी तारेतून मागच्या चाकाकडे निरोप धाडायचो, साखळी सरकायची आणि पेडल हलकं व्हायचं. घाईत बटण चुकू नये म्हणून तिनं त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. "माझा गुडघा अर्धा डॉक्टरनं बरा केला, अर्धा या बटणानं," असं ती शाळेत सांगायची. ते ऐकून मी किती फुगायचो म्हणून सांगू!

रोज सकाळी सायकल फाटकापर्यंत काढून द्यायचे तिचे वडील, गोविंदराव. कचेरीतून निवृत्त झालेले. "बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्यांचा लळा होता. येता-जाता फडक्यानं पुसायचे ते मला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची, गाड्यांची पूजा असते. शेजारच्या नागनाथनं ट्रॅक्टर धुवायला जोराचा पंप आणला होता. गोविंदरावांना हुरूप आला. "आण रे इकडं, आमच्या सायकलीला बी आंघोळ घालू," म्हणाले आणि माझ्या तोंडावरच नळी धरली! पाणी माझ्या फटीतून आत घुसलं. वर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडून त्याचं पाणीही माझ्यावरच शिंपडलं. कावेरी तेव्हा आत पाहुण्यांच्या फराळात गुंतलेली, तिनं यातलं काहीच पाहिलं नाही. मी मात्र गुदमरत होतो आणि वरून झेंडूची माळ घालून शोभत होतो.

चार-पाच दिवसांत माझे आतले, वीज जोडणारे पितळी दात हिरवे पडले. एके सकाळी पुलाच्या चढावर कावेरीनं लाल ठिपका दाबला. मी जीव खाऊन प्रयत्न केला, पण निरोप काही जाईना. तिला उतरून सायकल ढकलावी लागली. संध्याकाळी गुडघा टम्म सुजला.

गोविंदरावांनी तो गुडघा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. त्यांना कळलं होतं हो! पण तोंडातून काय निघालं? "कंपनीचा मालच खराब हाय. बेइमान लोकं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलसकट पिंगळीला सिद्धोधनकडे नेलं. सायकलींचा हा कारागीर लय शांत माणूस. त्यानं माझे दोन स्क्रू काढले आणि हसला.

"काका, ह्याच्यात हळद कशी काय गेली? अन् एवढं पाणी कुणी मारलं?"

"मी न्हाई मारलं," गोविंदराव म्हणाले.

सिद्धोधननं जुन्या टूथब्रशनं, स्पिरिटनं माझे दात घासले, हवा मारली, उन्हात ठेवलं. मग मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि ठिपका दाबला. टिक! साखळी सरकली. मित्रांनो, मी बरा झालो होतो! आता कावेरीच्या अंगठ्याखाली जायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

"नवीनच बसवा," गोविंदराव म्हणाले.

"अहो, पण हा चालायलाय की!"

"कंपनीचा माल खराब हाय म्हणून घरी सांगून बसलोय. हा राहू द्या तुमच्यापाशी. अन् पोरीला यातलं काही बोलू नका."

माझी काहीही चूक नसताना मला उतरवलं, फक्त त्यांचं वाक्य खरं ठरावं म्हणून! वर्षभर मी नट-बोल्टांच्या डब्यात पडून होतो. पाण्यानं मला एवढं दुखवलं नव्हतं. पण ज्या हातानं पुसलं त्याच हातानं फेकलं, हे माझ्यानं सोसवेना.

पुढची खंडेनवमी आली. पुन्हा तोच पंप, तीच हळद, हे मला मागाहून कळलं. आठवड्यात नवा खटकाही मुका झाला. या वेळी कावेरी शाळा सुटल्यावर स्वतःच पिंगळीला आली, लंगडत. सिद्धोधननं तिच्यासमोरच खटका उघडला. आत हळदकुंकवाचा थर बसलेला. ती बघतच राहिली. सिद्धोधननं उठून डब्यातून मला काढलं.

"ताई, आता माझ्याच्यानं न्हाई लपवणं होत. मागच्या साली ह्याच्यात बी हळद-पाणीच गेलं होतं, साफ केल्यावर हा चांगला चालत होता. काकांनीच ठेवून घ्या म्हणले."

तिनं माझा लाल ठिपका ओळखला. "हा तर माझा!" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी की बापासाठी, कोण जाणे.

मला बसवून घेऊन ती घरी आली. गोविंदराव ओट्यावरच होते. "काय म्हणाला? मालच खराब ना?"

कावेरीनं सायकल त्यांच्यापुढे उभी केली. "बाबा, तुम्हीच दाबून बघा."

त्यांनी अंगठा टेकला आणि ठिपका दिसताच थांबले. मग हळूच दाबलं. टिक! "चांगला चालायलाय की," एवढंच म्हणाले, जणू मला आज पहिल्यांदाच भेटत होते.

आता आमच्या घरी पंप येत नाही. खंडेनवमीला कावेरी ओलं फडकं पिळून पुसते आणि हळदीचं एकच बोट दांड्याला लावते. फडकं तिच्या हातात गोविंदरावच देतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पाण्यापासून सांभाळा, हे तर मी सांगेनच. पण हातून काही बिघडलं, तर ते मुक्या वस्तूच्या नावावर खपवू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही.

रोज सकाळी गोविंदराव सायकल फाटकापर्यंत काढतात. त्यांचा अंगठा माझ्यापाशी येतो आणि थबकतो. "माझ्या हातून झालं" एवढंच ऐकायचंय मला. कावेरीही तिथं उभी असते, पर्स खांद्याला लावून, उगाच दोन क्षण जास्त. मग ते मूठ तिच्या हाती देतात आणि आत जातात.