स्वेटरकाकांची जागा

“मॅडम, मी नाही येत. दुसरं कुणी बघा.” निवड झालेला उमेदवार फोनवर होता. पळालेला हा तिसरा.

आमच्या शीतगृहात माणसं भरायचं काम माझं. तहान लागल्यावर विहीर खणायची इथे सगळ्यांनाच सवय. पण यंत्रघर सांभाळणारे स्वेटरकाका निवृत्त होणार म्हटल्यावर मी वर्षभर आधीच कामाला लागले होते. जाहिरातीत पगारासोबत कंपनीचं गरम जाकीटही टाकलं. माणसं आली, मुलाखतीत पसंतही पडली. निवडलेल्या माणसाने रुजू होण्याआधी एक दिवस जुन्या माणसाबरोबर काढायचा, असा आमचा रिवाज. तो दिवस झाला की उमेदवार गायब.

“अहो, पण झालं काय?” मी विचारलं.

“काका म्हणाले, सांधे धरतात. पोरं कधी मोठी झाली तेही कळत नाही.”

माझं डोकंच फिरलं. तडक यंत्रघरात गेले. काका पाइपावर तळहात ठेवून उभे होते, अंगात तोच कोपरावर विरलेला तपकिरी स्वेटर.

“काका, माणसं का पळवून लावता?”

“खोटं एक अक्षर सांगितलं नाही.”

“अर्धंच सांगितलंत. एवढं वाईट होतं, तर तुम्ही कसे टिकलात?”

त्यांनी पाइपावरचा हात काढून घेतला. म्हणाले, “आमची ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. इथे निदान मशीन तरी बोलतं. वाटलं, माणूस मिळाला नाही तर मलाच ठेवून घेतील.”

मला राग धरवेना. पण त्यांना ठेवून घेणं माझ्या हातात नव्हतं, आणि तसं मी सांगून टाकलं. “जागा रिकामी टाकून गेलात, तर पहिल्याच बिघाडात सगळा माल सडेल. चालेल तुम्हाला?”

“नाही चालणार,” ते हळूच म्हणाले.

पुढची उमेदवार एक तरुण बाई होती, तोंडाने फटकळ. काकांनी तिला सांधे धरतात हे सांगितलंच, पण मशीनचा सूर बदलला की काय बिनसलंय ते कसं ओळखायचं, हेही दिवसभर शिकवलं. संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

“काका घाबरवतात फार. पण त्यांनाच इथून पाय निघत नाहीये, म्हणजे कामात काहीतरी असणारच. कधीपासून येऊ?”

शेवटच्या दिवशी काकांनी तो स्वेटर धुऊन, कोपर रफू करून, पिशवीतून आणला. “पोरी, आतली थंडी हाडात शिरते. हा ठेव तुला.”

“अहो काका, मला कंपनीनं दिलंय की!” तिने नवंकोरं जाकीट उचलून दाखवलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. जाकिटाची हुशारी माझी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बरं झालं,” काका म्हणाले. त्यांनी जाकिटाचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं. “चांगलं जाड आहे.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. फाटकाशी काकांनी पिशवी खाली ठेवली, स्वेटर काढून अंगात चढवला, गळ्यापर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या आणि ते बसथांब्याकडे चालू लागले.