श्वास तेवढा राहू द्या

"ही मधली ओळ तेवढी काढून टाका," प्राध्यापक म्हणाले आणि बाहीवर झुरळ चढावं तसा त्यांनी हात झटकला.

ध्वनिमुद्रकाने टेप थांबवली. एकतीस वर्षं तो या कंपनीत गाणी कापत आला होता. गायकांचे खोकले, घसरलेले सूर, दोन ओळींमधले श्वास, सगळं ब्लेडने असं सफाईने उडवायचा की त्याचं नावच कात्री पडलं होतं. पण आजचा आवाज त्याच्या आईचा होता.

सव्वीस वर्षांपूर्वी ती त्याचा जेवणाचा डबा द्यायला आली होती. नवा माइक तपासायचा होता. "काहीतरी म्हण गं," असं तो म्हणाला, आणि इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळताना ती जे गायची ते तिने उभ्याउभ्या म्हटलं. खोक्यावर 'माइक चाचणी' असं लिहून टेप कंपनीच्या फळीवर गेली. आता आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात तिचा फोटो होता, आवाज नव्हता.

आजकालच्या धांगडधिंग्यात देश हरवला, अशी पेपरात रोज ओरड चालू होती. तो धांगडधिंगा विकणारी कंपनी हीच, आणि 'अस्सल आपल्या मातीचे सूर' काढून देश शोधून देणारीही हीच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

"चाल बघा," गाणी निवडायला बोलावलेले प्राध्यापक डोळे मिटून म्हणाले. "हिला बाहेरचा वारा लागलेला नाही. ही एक ओळ तेवढी पलीकडच्या भाषेतली. कुठून घुसली कोण जाणे."

"घुसली नाही साहेब," कात्री म्हणाला. "बाई सीमेपलीकडचीच. लग्न होऊन इकडे आली. चालही तिच्या आजीची, तिकडचीच."

प्राध्यापक चष्मा पुसू लागले. गाण्यांना वाद्यं जोडायला आलेला संगीतकार मात्र हसला. "अहो, चालीला कोण पासपोर्ट विचारतंय? लोकांना शब्द तेवढे कळतात."

आणि प्राध्यापकांनी चक्क मान डोलावली. कात्रीला शिसारी आली. चूक दाखवली की माणूस निदान वरमतो. हे तर गिळून वर ढेकर देत होते.

"तुम्हाला जमत नसेल तर राहू दे," कंपनीचे साहेब म्हणाले. "फळ्या रिकाम्या करायच्याच आहेत. या जुन्या टेपा सोमवारी भंगारात जातील."

कात्रीने टेप त्या ओळीपर्यंत मागे फिरवली. मग म्हणाला, "ती माझी आई आहे. कापतो. पण तिचं नाव छापाल?"

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? आईचं नाव छापणारच की."

त्याने ब्लेड घेतलं. 'विहिरीला सांगा, मी पोचले' एवढाच त्या ओळीचा अर्थ. ती उंच स्वरात होती, म्हणून आईने तिच्याआधी मोठा श्वास घेतला होता. दोन हात फीत कापून झाली आणि सवयीने हात त्या श्वासाकडे गेला, पण तिथेच थांबला.

"श्वास राहिलाय," संगीतकार म्हणाला. "पुढच्या जागेत मी बासरी भरतोय, विचित्र वाटेल."

"श्वास तेवढा राहू द्या," कात्री म्हणाला. कापलेली फीत गुंडाळून त्याने खिशात टाकली.

महिन्याभराने रेकॉर्डचं वेष्टन छापून आलं. वर शेतात उभी एक नटवलेली पोरगी. आईने जन्मात शेत पाहिलं नव्हतं, तिचे हात सोड्याने फाटले होते. मागे छापलं होतं: 'पारंपरिक'. खाली संगीतकाराचं नाव, ठळक.

"नाव टाकलं असतं हो," साहेब म्हणाले, "पण तिचं माहेरचं नाव पडलं पलीकडचं. लगेच वाद. आणि नुसतं सासरचं टाकलं तर तुम्हालाच खोटं वाटलं असतं."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायचं ते खायचं, वर आपल्यालाच तोंड पुसायला फडकं मागायचं. कात्रीला स्वतःचीही किळस आली. कापलं होतं त्यानेच.

रविवारी सकाळी गाणं रेडिओवर लागणार होतं. थोरली बहीण बटणं लावायला घेऊन बसली होती. त्याने आणून दिलेली फितीची गुंडाळी तिने कधीच बटणांच्या डब्यात ठेवून दिली होती.

निवेदिका म्हणाली, "एक पारंपरिक गीत."

"आईचं नाव नाही घेतलं रे?"

"नाही, ताई." रेडिओ बंद करायला त्याने हात पुढे केला.

"असू दे. ऐकू दे मला."

आई गाऊ लागली. एवढ्या वर्षांनी खोलीत तिचा आवाज आला. मग तो मोठा श्वास आला, आणि बासरी सुरू झाली.

ताईने सुईवरची नजर काढली नाही. चिरक्या आवाजात, पण नेमक्या त्या उंच स्वरावर, तिने आईच्या भाषेतली ती ओळ म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. पुढे आईचा आवाज पुन्हा सुरू झाला तशी ती थांबली आणि तिने दाताने दोरा तोडला.